दोरीचे दुसरे टोक

लाकडावर मारलेली रेघ ओलांडायची नाही, हा त्या सुतारकामाच्या कारखान्याचा पहिला नियम होता. तो कोठे लिहून ठेवलेला नव्हता आणि लिहिण्याची गरजही कधी पडली नव्हती. जमिनीवर लांब फळ्या अंथरून त्यांच्यावर निळीची दोरी मारली, की करवत फिरून ती रेघ नाहीशी होईपर्यंत तिच्यावरून कोणी पाऊल टाकायचे नाही. पलीकडे जायचे असेल तर वळसा घालायचा. गिऱ्हाईक असो, घरची मंडळी असोत, की खुद्द मालक असोत, वळशातून कोणाचीच सुटका नव्हती.

"मालकांनी एखाद्या दिवशी चुकून उंबऱ्यावर रेघ मारली," वयस्क पॉलिशवाला म्हणत असे, "तर आपण सगळे आतल्या आत म्हातारे होऊ."

मालक हसत, पण नियम ढळत नसे. रेघ म्हणजे आपण लाकडाला दिलेला शब्द, असे ते मानीत. शब्द पुरा करण्याआधीच त्याच्यावर पाय देणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटे.

ही रेघ एकट्याने मारता येत नाही. निळीच्या भुकटीतून ओढलेली दोरी एकाने एका टोकाशी अंगठ्याखाली दाबून धरायची, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाकडून ताणायची, आणि मग चिमटीत उचलून सोडायची. टणत्कार होतो, निळा धुरळा क्षणभर हवेत तरंगतो, आणि लाकडावर अशी सरळ रेघ उमटते की तिला पट्टीची साक्ष लागत नाही. मालकांची एकुलती मुलगी आधाराविना उभी राहू लागली तेव्हापासून दोरीचे ते दुसरे टोक तिचे होते. कारखान्यात माणसांची वाण नव्हती, पण दोरी मारायची वेळ आली की मालक जिन्याखाली उभे राहून वर घराकडे हाक घालीत, "गुण्या, टोक धरायला ये."

गुण्या म्हणजे सुताराचे काटकोन तपासण्याचे साधन. लहानपणी ती भिंतीला पाठ लावून आणि पाय समोर ताठ पसरून बसे, तेव्हा तिचा नेमका काटकोन होई. त्यावरून वडिलांनी हे नाव ठेवले आणि ते तिला चिकटले. घरात, कारखान्यात आणि पुढे विद्यापीठातही ती गुण्याच राहिली.

विद्यापीठात तिने अंतर्गत वास्तुरचनेचा अभ्यासक्रम घेतला, तेव्हा वडिलांना धन्यता वाटली. पहिल्याच वर्षी तिने त्यांना सांगितले होते की घर म्हणजे भिंती नव्हेत, भिंतींनी जपलेली पोकळी हे घर, आणि आम्ही ती पोकळी रचायला शिकतो. वडिलांनी ते भक्तिभावाने ऐकून घेतले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की माझी मुलगी पोकळ काम शिकते. पॉलिशवाल्याला हसू आवरेना. मुलीने दुरुस्ती करून पाहिली, मग सोडून दिले.

या गृहस्थांचा एक विशेष असा, की त्यांनी मुलीला आजवर कधी 'नाही' म्हटले नव्हते. तिने काही मागावे आणि त्यांनी ते करून द्यावे, आणि पुष्कळदा तिने मागण्याआधीच करून द्यावे. ते बोलत थोडे आणि बांधीत फार. तिला वाचनाचा नाद लागला असे दिसताच तिच्या खाटेला कपाट जोडले गेले. ती रात्री वाचते असे कळताच कपाटाला दिवा आला. पुढे तिला ती खाट खिडकीपाशी हलवावीशी वाटली, तेव्हा ध्यानात आले की खाट कपाटाला, कपाट भिंतीला, आणि दिव्याची तार भिंतीच्या आत, असे सारे एकमेकांत घट्ट गुंतलेले आहे. ती तेथेच निजत राहिली. एवढ्या मायेने केलेल्या वस्तूविषयी तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

शेवटच्या वर्षाच्या मध्यावर तिच्या प्राध्यापिकेने तिला बोलावून घेतले. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणत. त्यांच्या ओळखीच्या एका रचनाकारांची कार्यशाळा दूरच्या शहरात होती. तेथे केवळ रुग्णालयांच्या अंतर्भागाचे काम चाले. आजारी माणसाला पडल्या पडल्या छत कसे दिसते, खाटेवरून उठताना हात आधाराला कोठे जातो, अशा गोष्टींचा तेथे वर्षानुवर्षे अभ्यास होता. तेथे दोन वर्षांसाठी एक जागा होती आणि मॅडमनी तिचे एकटीचेच नाव सुचवले होते. होकार वा नकार अंतिम मूल्यमापनाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

तिला जायचे होते. ऐकल्या क्षणापासून तिच्या मनात दुसरे काही नव्हते. पण घरी तिने ही गोष्ट फक्त आईला सांगितली.

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. सांगून टाक एकदाचं, एवढेच ती म्हणाली.

"ते नाही म्हणणार नाहीत, आई."

"मग अडलंय कुठं?"

"तिथंच अडलंय. नाही म्हणाले असते तर भांडले असते. ते नाही म्हणणार नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी काहीतरी करायला घेतील."

आईने निवडलेली भाजी परातीत टाकली आणि सावकाश म्हणाली, "घेतलंय. तू खाली गेली नाहीस का आज?"

कारखान्याच्या मागच्या अंगाला लाकूड रचून ठेवण्याची पत्र्याची जागा होती. मुलगी खाली गेली तेव्हा ती रिकामी झालेली होती. भिंती घासून घेतल्या होत्या आणि मधोमध वडील हातात मोजपट्टी घेऊन उभे होते. आज बोलायचेच, असा निश्चय करून ती आली होती. तिने "बाबा" एवढे म्हटले.

"बरी आलीस," ते म्हणाले. "त्या स्टुलावर बस जरा. आणि कोपरात हात वाकव."

ती बसली. त्यांनी जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंतचे अंतर घेतले, मग बसल्या जागी डोळ्यांची उंची, मग हात पुढे पसरल्यावर बोटांची पोच. ते खाली वाकून तिच्या गुडघ्याचे माप घेत होते तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा विरळ भाग तिला दिसला, आणि जे बोलायचे होते ते तसेच राहिले. पदवी हाती आली की तिला बसायला हवी म्हणून ही खोली, असे त्यांनी मापे घेता घेता सांगितले. गिऱ्हाइके हल्ली संगणकावर काढलेले आराखडे घेऊन येत. त्यातली बारीक अक्षरे त्यांना दिसत नसत. मुलगी आराखडे वाचील, नवे काढील, आणि समोर बाप ते लाकडात उतरवील. यापलीकडे त्यांचे आयुष्याकडे मागणे नव्हते.

खोली उभी राहत गेली. दर आठवड्याला तिच्यात काही नवे दिसे. खिडकी अशा उंचीवर, की बसल्यावर डोळ्यांसमोर नेमके आकाश यावे. फडताळे अशी, की हात लांबवला तर शेवटचे पुस्तक बोटांना लागावे, आणि बोटांपलीकडे एक अंगुळही जागा वाया जाऊ नये. मेज तर त्यांनी त्या खोलीतच जन्माला घातले. भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचणारी एकसंध रुंद फळी, खाली खण, पाय खिळ्यांनी नव्हे तर खाचेत पक्के बसवलेले. चौकट आणि दार सर्वांत शेवटी लागले. दार एकच होते आणि ते कारखान्यात, वडिलांच्या कामाच्या ओट्यासमोर उघडत होते. आत जायचे वा बाहेर यायचे, तर त्यांच्या नजरेखालून.

खोली पुरी झाल्यावर त्यांनी तिला मेजाशी बसवले. कोपर फळीवर असे टेकले की जणू फळी तिच्या कोपरातूनच वाढली होती.

"कसं वाटतंय?"

"छान आहे, बाबा."

तिने खोटे सांगितले नव्हते. पाच वर्षे शिकून तिला जे साधावेसे वाटत होते ते त्या खोलीत साधलेले होते. कोठे काही बदलावे असे नव्हते, आणि म्हणून श्वास घेतानाही आपण काही बिघडवतो आहोत असे तिला वाटले.

इकडे विद्यापीठात अंतिम वर्षाचे काम चालू होते. मॅडमची एक पद्धत होती. प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्याखुऱ्या माणसासाठी एक खोली रचायची, मात्र त्याला काय हवे हे विचारायचे नाही. विचारले की माणूस दुसऱ्याच्या घरात पाहिलेले मागतो, असे त्यांचे मत होते. त्याच्याजवळ राहावे, त्याचे उठणेबसणे पाहावे, आणि मग रचावे. मूल्यमापनाच्या दिवशी तो आराखडा कागदावर नव्हे तर सभागृहाच्या फरशीवर, पूर्ण मापात, पांढऱ्या चिकटपट्टीने आखायचा. भिंतीच्या जागी पट्टी, दाराच्या जागी पट्टीत खंड, सामान पुठ्ठ्याचे. ज्याच्यासाठी खोली रचली त्याने परीक्षकांसमोर त्या खोलीत वावरून दाखवायचे.

मुलीने वडिलांसाठी कामाची खोली रचायची ठरवली. कारण तिने कोणाला सांगितले नाही, पण तिला ते चांगले ठाऊक होते. वडिलांना तिची गरज जेथे जेथे पडते, ती प्रत्येक जागा तिला भरून काढायची होती. तिने महिनोन्‌महिने त्यांना पाहिले. बारीक अक्षरांसाठी हलत्या दांडीवरचे भिंग ठेवले. आराखडा मोठा होऊन उमटेल असा पडदा डोळ्यांसमोर आणला. ओट्याची उंची अशी वाढवली की त्यांच्या दुखऱ्या कमरेला वाकावे लागू नये. आणि ओट्याच्या कडेला, अगदी टोकाशी, एक लोखंडी आकडी ठेवली. वडील तिची मापे घेत होते आणि ती त्यांची. एकाच छपराखाली दोघे एकमेकांसाठी खोल्या रचीत होती. तिचा हेतू निसटण्याचा होता, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

मूल्यमापनाच्या दिवशी वडील इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच आले. कानावरची पेन्सिल काढायला विसरले होते. सभागृहात जिकडेतिकडे गुडघ्यांवर बसलेली मुले पट्ट्या चिकटवत होती. गुण्याला अजून पुठ्ठ्याच्या ओट्याची उंची जुळवायची होती. तिने वडिलांना आपल्या जागेच्या मध्यभागी स्टुलावर बसवले आणि हलू नका म्हणून सांगितले. उंची जुळली. परीक्षक आल्याची कुजबुज झाली, तेव्हा तिने घाईने पट्टीचे वेटोळे उचलले आणि वडिलांच्या भोवती भिंती आखायला घेतल्या. हात चालत होते, चित्त संध्याकाळी द्यावयाच्या उत्तरापाशी होते. पहिली भिंत झाली, दुसरी, तिसरी, चौथी. जेथून आरंभ केला तेथे येऊन तिने पट्टी दाबली आणि उठून उभी राहिली.

बाहेरून आलेले परीक्षक निवृत्त वास्तुरचनाकार होते. ते मितभाषी होते आणि हात पाठीशी बांधून चालत. त्यांनी वडिलांना आदराने नमस्कार केला आणि रोज जसे काम करता तसे करून दाखवा असे सांगितले.

वडील उठले. ओट्याशी जाऊन उभे राहिले आणि नकळत पाठ सरळ झाली. भिंग ओढून त्यांनी नमुन्याचा आराखडा वाचला, एक एक माप मोठ्याने उच्चारीत, शाळकरी मुलासारखे. सभोवार मुले जमली होती. वडिलांच्या मुद्रेवर हळूहळू विस्मय पसरत गेला.

"माझ्या कमरेला हिनं माझ्यापेक्षा जास्त ओळखलंय," ते परीक्षकांना म्हणाले.

मग त्यांचा हात ओट्याच्या कडेवरून फिरत फिरत आकडीपाशी आला. पुठ्ठ्याच्या त्या पसाऱ्यात तेवढीच एक वस्तू खरी होती.

"ही कशाला?"

"दोरीसाठी, बाबा," मुलगी म्हणाली. "टोक अडकवायला."

दोरीची फिरकी त्यांच्या खिशात सदैव असे. त्यांनी ती काढली, दोरीचे टोक आकडीत अडकवले, दुसऱ्या टोकाकडे येऊन ताणली आणि चिमटीने उचलून सोडली. पुठ्ठ्यावर निळी रेघ उमटली. उभ्या आयुष्यात त्यांनी एकट्याने मारलेली ती पहिलीच रेघ असावी. त्यांनी ती बराच वेळ निरखली.

"जमतंय की," ते हलकेच म्हणाले.

परीक्षकांनी मग विनंती केली, की बाहेरच्या टेबलावर पाण्याचा पेला आहे, तेवढा आणाल का. खोलीत जाण्यायेण्याची वाट कशी ठेवली आहे ते त्यांना पाहायचे होते. वडील वळले आणि पट्टीपाशी येऊन थांबले. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मग पट्टीच्या आतल्या कडेने चालत ते कोपऱ्यापर्यंत गेले, तेथून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि सगळी खोली फिरून पुन्हा जेथे होते तेथे आले. काही मुले हसली. आपल्याला गंमत करून दाखवत आहेत असे त्यांना वाटले.

"काका, ओलांडा की," एकजण म्हणाला. "पट्टीच तर आहे."

"तुमची असेल पट्टी," वडील म्हणाले. "मला रेघ दिसते."

ते तसेच उभे राहिले. हसू विरत गेले. मग त्यांनी मुलीकडे पाहिले.

"गुण्या, दार कुठंय?"

तिने हातातल्या कागदाकडे पाहिले. कागदावर दार होते. त्याची रुंदी, त्याची बिजागरी, ते कोणत्या बाजूला उघडते ते दाखवणारी पाव वर्तुळाची कमान, सारे होते. तिने फरशीकडे पाहिले. पेन्सिलीच्या दोन खुणांवरून, जेथे खंड पडायचा होता तेथून, पट्टी अखंड गेली होती. 

मुलीने पट्टी कापायचे पाते घेतले आणि ती त्या जागी गुडघ्यांवर बसली. पलीकडून वडीलही सावकाश खाली बसले. दोघांच्या मध्ये ती पट्टी होती. ते एवढ्या हळू आवाजात बोलले की बाकीच्यांना नुसते ओठ हललेले दिसले.

"मला आत बसवून तू कुठं निघाली होतीस?"

तिच्या हातातले पाते थांबले.

"दूर, बाबा. दोन वर्षांसाठी. दवाखान्यातल्या खोल्यांचं काम आहे. मला फार जायचंय. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय त्यांना."

"त्यांना आज संध्याकाळपर्यंत," वडील म्हणाले. "आणि मला?"

 वडिलांनी पट्टीवर बोट टेकवले.

"काप," ते म्हणाले.

तिने एका खुणेपाशी पाते लावले, मग दुसऱ्या, आणि मधला तुकडा सोलून काढला. फरशीवर पट्टीचा डिंक राहिला. वडील गुडघ्यावर हात टेकून उठले, त्या मोकळ्या जागेतून बाहेर गेले, पाण्याचा पेला घेऊन त्याच वाटेने आत आले आणि तो ओट्यावर ठेवला. मग परीक्षकांना नमस्कार करून, पुन्हा त्याच वाटेने, सभागृहाबाहेर निघून गेले.

परीक्षक काही वेळ आकडीकडे पाहत राहिले. कागदावर दार आहे, फरशीवर नाही, आणि माणूस फरशीवर राहतो, असे त्यांनी शांतपणे नोंदवले. बाकीची खोली मात्र त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती इतकी चांगली आहे, असेही म्हणाले. मुलीच्या कानांवर यातले फारसे काही पडले नाही. जाताना मॅडमनी तिला आठवण करून दिली, की दिवे लागेपर्यंत उत्तराची वाट पाहीन.

ती घरी परतली तेव्हा ऊन उतरत आले होते. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"काय झालं ग तिकडं? आल्यापासून त्या खोलीत आहेत. जेवायलासुद्धा वर आले नाहीत."

"सांगितलं मी."

"आणि?"

"काहीच बोलले नाहीत."

"म्हणजे काहीतरी करायला घेतलंय," आई म्हणाली आणि तिच्या मागोमाग निघाली.

कारखान्यातले काम बंद होते. मागच्या खोलीच्या दाराशी पॉलिशवाला दोन्ही हातांनी काहीतरी धरून उभा होता. जवळ गेल्यावर मुलीला दिसले की तो मेजाचा पाय आहे. मेज तिरके होऊन दारात अडकले होते. फळीचा एक कोपरा आणि एक पाय तेवढा चौकटीच्या बाहेर आला होता. बाकीचे सारे आत होते, आणि आत मेजाच्या पाठीमागे, खिडकी आणि फळी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, वडील उभे होते. त्यांना बाहेर यायला वाट उरली नव्हती.

"ये, गुण्या," पॉलिशवाला म्हणाला. "मालकांनी खोलीला बूच मारलंय. स्वतः बाटलीत."

वडिलांनी तिच्याकडे पाहिले नाही. फळीवरची धूळ पुसत ते म्हणाले, "जाशील तिथं टेबल लागेलच. दुसऱ्याच्या टेबलावर तुझं कोपर अधांतरी राहील. म्हटलं, हेच पाठवू. बाहेर काढायला गेलो, तर हे असं."

कारखान्यात नवशिक्याने एखादी अजस्र वस्तू आतच जोडली आणि मग ती बाहेर निघेना, की मालक त्याला एकच प्रश्न विचारीत. तो प्रश्न त्या क्षणी सर्वांच्याच मनात आला होता, पण विचारण्याचा अधिकार एकटीलाच होता.

"अहो," आई मुलीच्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाली, "दाराला विचारलं होतंत का?"

पॉलिशवाला हसता हसता पाय सोडतो की काय असे झाले. वडीलही हसले. पण ते हसू लवकर ओसरले, आणि त्यांनी चौकटीवर हात ठेवला. सबंध हयातीत त्यांनी कोणतीही वस्तू दाराचे माप घेतल्यावाचून केली नव्हती.

"हे कधी बाहेर जायचं असेल," ते म्हणाले, "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

 मुलगी चौकटीच्या बाहेर उभी होती आणि तिला एकाच वेळी दोन इच्छा झाल्या. एक, मागे फिरून धावत सुटावे. दुसरी, त्या फळीखालून वाकून आत शिरावे, मेज पुन्हा भिंतीला लावावे, आणि कोपर टेकून जन्मभर बसावे. दुसरी इच्छाही खोटी नव्हती, याचेच तिला भय वाटले.

पॉलिशवाल्याने सुचवले की आपण बाहेरून ढकलू, मालकांनी आतून ओढावे, मेज गेले तसे मागे जाईल आणि मालक मोकळे होतील.

"मागं नाही घ्यायचं," वडील म्हणाले. त्यांनी फळीवर हात फिरवला. एवढी रुंद, एकसंध, गाठ नसलेली फळी त्यांनी फार शोधून मिळवली होती. "उभी चिरू. दोन भाग होतील. तिथं गेल्यावर खुंट्यांनी जोडायचं. जोड दिसेल, पण टेबल उभं राहील."

मग त्यांनी खिशातून दोरी काढली, आणि आता प्रथमच मुलीच्या डोळ्यांत पाहिले.

"कळवलंस त्यांना?"

"नाही अजून."

"कळव. मग टोक धर. इथं आकडी नाहीये."

तिने तेथेच उभे राहून मॅडमना निरोप पाठवला. निरोप एका शब्दाचा होता, पण तो पुन्हा पुन्हा चुकला. पाठवून झाल्यावर तिने फोन आईच्या हाती दिला. आईने तो पदरात घेतला.

वडिलांनी आतून दोरीचे टोक फळीवरून तिच्याकडे सरकवले. ते तिने फळीच्या कडेवर अंगठ्याखाली दाबून धरले. हा स्पर्श तिच्या अंगठ्याला तिच्या नावाइतका जुना होता. पलीकडून ताण आला. दोरी चौकटीतून आरपार, अंधारत चाललेल्या खोलीतल्या हातापासून बाहेरच्या हातापर्यंत, सरळ झाली. आता चिमटीत उचलून सोडायची, एवढेच उरले होते. वडील सोडीनात. ताणलेली दोरी किंचित कापत होती आणि तो कंप तिच्या अंगठ्यात उतरत होता. तो कोणाच्या हाताचा हे तिला सांगता आले नसते.

"गुण्यात आहे का बघ," ते म्हणाले.

तिने मान वाकवून कडेशी दोरीचा कोन पाहिला.

"आहे, बाबा."

दोरी सुटली. निळा धुरळा उठला, तिच्या मनगटावर बसला, चौकटीवर बसला. फळीवर त्यांच्यापासून तिच्यापर्यंत रेघ उमटली होती.

मेज सोडवायला आत नेलेली करवत वडिलांनी उचलली. पॉलिशवाल्याने फळी सावरून धरली. आई मुलीच्या पाठीशी उभी होती. करवतीचा पहिला दात लाकडात शिरला तो आवाज सर्वांनी ऐकला, आणि मग दुसरा, तिसरा, संथ, एका लयीत, खिडकीकडून दाराकडे येणारा. दोरी केव्हाच सैल होऊन पडली होती. मुलीचा अंगठा मात्र अजून त्या कडेवर तसाच दाबलेला होता, आणि तो उचलायचा कसा हे तिला कळत नव्हते.